शरदातलं स्थलांतर पाहायला गट घेऊन जाताना

नेहमीच्या पक्षीनिरीक्षणात आपण पक्षी शोधत चालतो. स्थलांतर पाहायला निघालेल्या गटाला हीच सवय सगळ्यात जास्त नडते. इथे पक्षी वाटेला लागलेले असतात आणि आपण त्या वाटेवर त्यांच्या आधी जाऊन बसायचं असतं. तारीख, वारा, तास आणि बसायची जागा एवढ्या चार गोष्टी जमल्या, तर ज्याला कावळा-चिमणीपलीकडे फारसं ओळखता येत नाही, त्याच्याही डोळ्यांसमोरून एक अख्खा प्रवास सरकत जातो. या चार गोष्टी चुकल्या, तर भारी दुर्बीण आणि तोंडपाठ नावं असूनही हात हलवत परत यावं लागतं.

हे सगळं लिहिलंय ते गट घेऊन जाणाऱ्यासाठी, पण गटातून जाणाऱ्यालाही ते उपयोगी पडेल. महिने आणि दिशा उत्तर गोलार्धाच्या धरल्या आहेत.

आधी एक काय ते ठरवा

शरदातलं स्थलांतर एका झटक्यात होत नाही. जूनच्या अखेरीला सुरू होऊन ते नोव्हेंबर संपेपर्यंत चालतं. वसंतात पक्ष्यांना घरटी बांधायची घाई असते, चांगली जागा आधी पोचलेल्याला मिळते. परतीच्या वाटेवर ही घाई नसते. त्यामुळे शरदातला प्रवास लांबतो, टप्प्याटप्प्याने होतो आणि आपल्याला पाहायला जास्त दिवस मिळतात.

क्रम साधारण असा. उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रात वीण उरकलेले प्रौढ चिखलपक्षी, म्हणजे काठावरच्या चिखलात अन्न शोधणारे पक्षी, जुलैमध्येच खाली यायला लागतात. त्यांची पिल्लं काही आठवड्यांनी, बहुतेकदा आईबापांशिवाय, मागून येतात. हवेतले आणि पानांवरचे किडे खाणारे पक्षी, म्हणजे पाकोळ्या, माशीमार, वटवटे, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघतात, कारण थंडी पडली की त्यांचं अन्नच संपतं. मधुबाज हा शिकारी पक्षीही त्याच सुमाराला. क्रौंच, हंस आणि बदकं मात्र पाणी गोठायची वेळ येईपर्यंत थांबतात, त्यांची खरी गर्दी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये.

म्हणून एका दिवसात शिकारी पक्षी, बदकं, चिखलपक्षी आणि झुडपांतले छोटे पक्षी असं सगळं दाखवायचं ठरवू नका. प्रत्येकाचा तास वेगळा, जागा वेगळी. सगळं दाखवायला निघालेला गट दिवसभर गाडीत बसतो आणि प्रत्येक ठिकाणी अर्धा तास उशिरा पोचतो. एक मुख्य विषय घ्या, एक जोडीला ठेवा. सकाळी झुडपांतले छोटे पक्षी आणि मग आभाळातले शिकारी पक्षी, ही जोडी छान जमते. चिखलपक्ष्यांचा दिवस भरतीच्या वेळेवर बेतायचा असल्याने तो शक्यतो वेगळा ठेवावा.

वारा वाचायला शिका

निघायच्या चार-पाच दिवस आधीपासून रोज वाऱ्याची दिशा लिहून ठेवा. कित्येक दिवस दक्षिणेचा वारा किंवा पाऊस असला की पक्षी अडून बसतात. मग थंड हवेची आघाडी पुढे सरकते, आभाळ निवळतं आणि उत्तरेचा किंवा वायव्येचा वारा सुटतो. अडलेले सगळे त्या रात्री निघतात. तारीख मागेपुढे करायची मुभा असेल तर अशी आघाडी सरकल्यानंतरची पहिली किंवा दुसरी सकाळ धरा. काही देशांत हवामानाच्या रडारवरून रात्रीच्या स्थलांतराचा अंदाज रोज मिळतो. तो मिळत असेल तर जरूर पाहा.

इथे एक गोष्ट नवख्या मार्गदर्शकांना चकवते. जास्त पक्षी जाणं आणि जास्त पक्षी दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाठीवर छान वारा मिळाला की पक्षी उंचावरून जातात, इतक्या उंच की नुसत्या डोळ्यांना पत्ताही लागत नाही. समोरून हलका वारा असला की तेच पक्षी वाऱ्याचा जोर टाळायला जमिनीलगत येतात. त्या दिवशी निघणारे कमी असतील, पण भिंगऱ्या आणि धोबी तुमच्या डोक्यावरून हाताच्या अंतरावर गेल्यासारखे जातात. रात्री आभाळ स्वच्छ आणि पहाटे अचानक पाऊस किंवा धुकं, असं झालं तर रात्रभर उडणारे छोटे पक्षी मिळेल त्या झुडपात उतरतात. अशा ओल्या सकाळी सहल रद्द करणं म्हणजे मोसमातली सर्वांत चांगली सकाळ घालवणं. छत्र्या घ्या, तासभर थांबा, पाऊस ओसरला की झुडपांकडे चला.

मोठे शिकारी पक्षी, बलाक (स्टॉर्क) आणि पेलिकन पंख पसरून गरम हवेच्या झोतावर, म्हणजे थर्मलवर, वर चढतात आणि मग पंख न हलवता पुढे घसरत जातात. समुद्रावर असे झोत जवळजवळ नसतातच. म्हणून हे पक्षी रुंद समुद्र टाळून अरुंद पाण्याजवळ किंवा डोंगरधारेवर गोळा होतात. स्पेन आणि मोरोक्कोमधली जिब्राल्टरची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी साधारण १४ किलोमीटर आहे, आणि पश्चिम युरोपातले बलाक आणि मधुबाज तिथेच गर्दी करतात. इस्तंबूलजवळची बॉस्फोरस, स्वीडनच्या दक्षिण टोकाचं फाल्स्टरबो, मेक्सिकोतलं व्हेराक्रूझ या जागा अशाच कारणाने नावाजल्या. जॉर्जियातल्या बाटुमीवरून एका शरदात दहा लाखांहून जास्त शिकारी पक्षी जातात, कारण एका बाजूला काळा समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कॉकेशसचे डोंगर आहेत, मधे चिंचोळी पट्टी. आपली जागा निवडताना याच नजरेने नकाशा पाहा. पाण्यात घुसलेलं टोक, लांब डोंगराची धार, दोन डोंगरांमधली खिंड, मोठ्या जलाशयाचा कोपरा. वारा आडवा वाहत असेल तर पक्षी ज्या बाजूला ढकलले जातील ती बाजू धरा.

रेकी

सहलीच्या दोन-तीन दिवस आधी त्याच तासाला त्या जागी जाऊन या. दुपारी जाऊन केलेली रेकी सकाळच्या सहलीला कुचकामी. ऊन कुठून येतं ते पाहा. सकाळी तुम्ही पूर्वेला उभे राहून पश्चिमेकडे पाहायला हवं. उन्हाकडे तोंड असेल तर दोनशे पक्ष्यांचा थवा नुसता काळ्या ठिपक्यांचा दिसतो आणि गटाचा हिरमोड होतो. क्षितिजावरच्या ठळक खुणा वहीत उतरवा, उदाहरणार्थ विजेचा मनोरा, एकटं झाड, टेकडीचा खळगा, पाण्यातले खुंट. दुसऱ्या दिवशी पक्षी दाखवायचे ते याच खुणांवरून. सावली, गाडी लावायची जागा, शौचालय, आत जायची परवानगी हेही त्याच फेरीत उरकून घ्या. परवानगी लेखी असलेली बरी.

माणसं आणि सामान

एका मार्गदर्शकामागे आठ ते दहा माणसं पुरेत. त्यापेक्षा जास्त झाली की शेवटच्या माणसापर्यंत पक्षी पोचतच नाही, तो पोचेस्तोवर उडालेला असतो. गटाच्या शेवटी एक जाणता साथीदार ठेवा. मागे रेंगाळणाऱ्यांना दाखवणं आणि मागच्या बाजूने जाणारा पक्षी पकडणं, दोन्ही त्याचं काम. चार-पाच जणांमागे एक स्कोप, म्हणजे ट्रायपॉडवर लावायची एका डोळ्याने पाहायची दुर्बीण, हवा.

दुर्बीण ८ बाय ४२ ची सर्वांत सोयीची. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा समोरच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच मिलिमीटर येतात. एवढा प्रकाशाचा झोत डोळ्यात शिरत असल्यामुळे पहाटेच्या अंधुक उजेडातही चित्र स्वच्छ दिसतं. १० बाय ४२ मध्ये पक्षी थोडा मोठा दिसतो खरा, पण हाताचा कंप जास्त जाणवतो आणि दृश्य अरुंद होतं, त्यामुळे उडता पक्षी सापडायला नवख्याला जड जातं. स्कोप २० ते ६० पटीचा असला तरी बहुतेक काम २० ते ३० पटीवरच करा. ऊन चढल्यावर जमिनीवरची हवा थरथरायला लागते, तेव्हा ६० पटीवर पक्ष्याऐवजी ती थरथरच मोठी दिसते. वारा असेल तर ट्रायपॉडचा मधला दांडा खाली घ्या, पाय फाकवा आणि मधे पिशवी लटकवा.

बाकी सामान साधं आहे. प्रत्येकी दीड-दोन लिटर पाणी, टोपी, पहाटेसाठी एक गरम थर, मळखाऊ रंगाचे कपडे, बसायला छोटी गादी किंवा घडीचं स्टूल. गादीला कमी लेखू नका. दोन तास एका जागी बसायचं म्हणजे जमिनीचा ओलावा आणि खडे हेच माणसाला उठवतात, आणि तो उठून फिरायला लागला की थवा उठतो.

पहिली वीस मिनिटं दुर्बिणीला द्या

गट जमला की लगेच चालू पडू नका. निम्म्या लोकांच्या दुर्बिणी त्यांच्या डोळ्यांना लावलेल्याच नसतात, आणि दिवसभर त्यांना सगळं किंचित धूसर दिसत राहतं. त्यांना वाटतं पक्षीच लांब आहे. प्रत्येकाकडून हे करून घ्या:

१. दुर्बिणीचे दोन भाग जवळ-लांब करून दोन्ही डोळ्यांतून मिळून एकच गोल दिसेल असं जुळवा. कडेला काळी सावली येत असेल तर अंतर चुकलंय.

२. चष्मा असेल तर डोळ्यांजवळच्या रबरी वाट्या आत दाबा किंवा दुमडा, नसेल तर बाहेर काढा.

३. वीस-तीस मीटरवरची एक बारीक फांदी निवडा. उजवीकडचं समोरचं भिंग हाताने झाका आणि मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला फांदी रेखीव करा.

४. आता डावं भिंग झाका. मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळचं कडं फिरवून तीच फांदी रेखीव करा. या वेळी डोळा बारीक करून जोर लावू नका.

५. कडं कुठल्या खुणेवर आलं ते लक्षात ठेवा. इथून पुढे फक्त मधलं चाक फिरवायचं.

मग उचलायचा सराव. डोळे लक्ष्यावर ठेवायचे, मान हलवायची नाही, आणि दुर्बीण वर आणून डोळ्यांना टेकवायची. खाली दुर्बिणीकडे बघून मग पुन्हा पक्षी शोधायला जाल तर तो हरवलाच. खांबाचं टोक, लांबचा कावळा, उडणारं कबूतर, असं चढत्या क्रमाने दहा वेळा करून घ्या. आणि एक गोष्ट ठासून सांगा: दुर्बीण किंवा स्कोप सूर्याकडे कधीही जाऊ द्यायचा नाही. घिरट्या घालणाऱ्या घारीच्या मागे जाता जाता सूर्य दृश्यात येतो आणि डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. पक्षी सूर्याजवळ सरकला की दुर्बीण खाली.

दाखवायची भाषा

"तो बघा मधुबाज!" असं ओरडणं ही मार्गदर्शकाची सर्वांत सामान्य चूक. नाव ऐकलं की आठ जण एकाच वेळी "कुठे?" विचारतात, आणि उत्तर देईपर्यंत मधुबाज डोंगराआड. नाव शेवटी सांगा. आधी जागा, मग दिशा, मग खूण. "मनोऱ्याच्या वर दोन मुठी, डावीकडे चाललाय, पांढऱ्या ढगाच्या खालच्या काठाला आता पोचेल." माणसांच्या दुर्बिणी ढगाच्या काठावर जाऊन थांबतात आणि पक्षी आपणहून त्यांच्या दृश्यात शिरतो. उडत्या पक्ष्यासाठी तो आहे ती जागा सांगण्यापेक्षा जाणार आहे ती जागा सांगणं कधीही चांगलं.

हात ताठ धरला तर मूठ साधारण १० अंश झाकते आणि एक बोट सुमारे दोन अंश. ८ बाय ४२ दुर्बिणीचं दृश्य सात-साडेसात अंशांचं, म्हणजे मुठीपेक्षा थोडं कमी. हे सकाळीच सगळ्यांकडून करून घेतलं की दिवसभर "दीड मूठ वर" म्हटल्यावर सगळ्यांना एकच जागा समजते. झाडातल्या पक्ष्यासाठी झाडालाच घड्याळ माना. शेंडा म्हणजे १२, उजवं टोक म्हणजे ३. "चारच्या काट्यावर, कडेपासून हातभर आत." ही पद्धत घड्याळ वाचता येणाऱ्या मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर जमते.

दिवस कसा जातो

बहुतेक छोटे पक्षी रात्री उडतात. सूर्यास्तानंतर अर्ध्या-एक तासात निघायचं आणि पहाटे उतरायचं. रात्री हवा स्थिर आणि थंड असते, शिकारी पक्षी नसतात, आणि दिवस खायला मोकळा मिळतो. म्हणून सूर्योदयाच्या अर्धा तास आधी जागेवर हजर राहा. पहिले दोन तास झुडपं, बांध, पाण्याकाठचे वेत यांच्यासाठी. चालायचा वेग तासाला एक किलोमीटरपेक्षा जास्त नको. उपाशी आलेले पक्षी उन्हाच्या पहिल्या तिरिपीकडे येतात, कारण तिथले किडे आधी हलायला लागतात. ऊन पडलेल्या कडेसमोर वीस मिनिटं नुसतं उभं राहणं, अख्खं रान तुडवण्यापेक्षा फायद्याचं ठरतं. डोक्यावरून जाणाऱ्यांकडेही कान असू द्या. धोबी लाटांसारखा वर-खाली होत, दोन अक्षरी साद घालत जातो. आवाज ओळखणारं अ‍ॅप वापरायला हरकत नाही, पण त्याने सांगितलेलं नाव ही नुसती सूचना समजा. उडताना घातलेल्या अर्ध्या सेकंदाच्या सादेत ते बरंच चुकतं.

सूर्योदयानंतर दोन-तीन तासांनी जमीन तापते आणि शिकारी पक्षी वर चढायला लागतात. आता बसायच्या जागी या. निळंशार आभाळ दिसायला सुंदर, पण शोधायला सर्वांत वाईट. समोर काहीच नसलं की डोळा आपोआप जवळ रोखला जातो आणि लांबचा ठिपका दिसतच नाही. आधी लांबच्या टेकडीवर नजर आणि दुर्बीण दोन्ही पक्की करा, मग तशीच वर न्या. पांढऱ्या ढगांच्या पट्ट्या शोधा, त्यांच्यापुढे गडद पक्षी उठून दिसतो. आभाळाच्या वाटण्या करून दोघादोघांना एकेक वाटणी द्या. दुर्बीण डावीकडून उजवीकडे सावकाश न्या, प्रत्येक दृश्य आधीच्या अर्ध्यावर चढवत.

इतक्या उंचावर रंग दिसत नाहीत, आकार दिसतो. पंख उथळ इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर धरून शेतावरून हेलकावत जाणारा भोवत्या, म्हणजे हॅरियर. पंखांची टोकं निमुळती आणि उडणं नेटाचं असेल तर ससाणा. मधुबाजाचं डोकं लहान, मान पुढे काढल्यासारखी, शेपूट लांब आणि घसरताना पंख सपाट. भोवत्यांच्या माद्या आणि पिल्लं तज्ज्ञांनाही लांबून वेगळी सांगता येत नाहीत. तिथे नुसतं "भोवत्या" लिहा. ओढूनताणून दिलेलं नाव नोंदीला खराब करतं आणि गटालाही चुकीची खूण शिकवतं.

चिखलपक्षी आणि भरती

किनाऱ्यावरचे चिखलपक्षी घड्याळ बघत नाहीत, पाणी बघतात. ओहोटीला ते मैलभर पसरलेल्या चिखलात विखुरतात आणि ठिपके होऊन जातात. भरती चढायला लागली की पाणी त्यांना तुमच्याकडे ढकलतं. भरतीचा माथा गाठायच्या अडीच-तीन तास आधी बसायच्या जागी पोचा आणि हलू नका. पाहायची सर्वांत चांगली वेळ माथ्याच्या आधीचे दोन तास. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाणाची भरती असते, तेव्हा सगळा चिखल झाकला जातो आणि पक्षी ठरावीक उंचवट्यांवर दाटीने विसावतात. भांगाच्या, म्हणजे छोट्या भरतीच्या, दिवसांत चिखल थोडा उघडाच राहतो, पक्षी लांबच थांबतात. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. रेकीच्या दिवशीची वेळ सहलीच्या दिवशी धरून चालणं ही नेहमी होणारी चूक.

या पक्ष्यांची ओळख शरदात अवघड का जाते, तर एकाच थव्यात वेगवेगळ्या वेषांचे पक्षी असतात. वीण संपवून आलेल्या प्रौढांची पिसं झिजलेली, काही जुनी तांबूस, काही नवी राखाडी, असं ठिगळ लावल्यासारखं अंग. पिल्लांची सगळी पिसं एकाच वेळी उगवलेली, त्यामुळे ताजी आणि एकसारखी. छोट्या टिलव्याचं पिल्लू स्कोपमध्ये पकडून दाखवा. चिमणीएवढा जीव, पाय काळे, पाठीवर प्रत्येक पिसाला फिकट कड असल्याने खवले पांघरल्यासारखा, आणि त्या खवल्यांवरून मागे जुळत जाणाऱ्या दोन पांढऱ्या रेघा. शेजारी टेमिंकचा टिलवा असेल तर त्याचे पाय पिवळट-हिरवट आणि पाठ साधी. ही एक जोडी नीट पाहिली की लोक पिसांच्या कडा बघायला शिकतात, आणि पुढचे वीस पक्षी त्यांना सोपे जातात. उडताना हिरवा तुतवार पंखांखाली काळसर आणि कमरेवर लख्ख पांढरा दिसतो, ठिपकेवाल्या तुतवाराचे पंख खालून फिकट आणि पाय शेपटीच्या बाहेर आलेले.

बदकांचंही असंच. वीण झाल्यावर नर आपला भडक वेष टाकून मादीसारखे तपकिरी होतात, आणि मधे तीन-चार आठवडे त्यांना उडताही येत नाही. शरदाच्या सुरुवातीला म्हणून पाण्यावर नुसत्या माद्याच आल्यासारखं वाटतं. रंग सोडून चोच बघा. थापट्याची चोच फावड्यासारखी असते, ती वेष बदलत नाही.

त्यांना उठवू नका

या भागात आम्ही हट्टी आहोत. निघण्याआधी पक्षी चरबी साठवतात, लांब पल्ल्याचे कित्येक पक्षी तर वजन जवळजवळ दुप्पट करतात. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पट्टेरी शेपटीच्या एका पाणटिवळ्याने अलास्का ते टास्मानिया हे १३,५६० किलोमीटर ११ दिवसांत न थांबता पार केले. तो जेमतेम पाच महिन्यांचा होता आणि पाठीवर उपग्रहाचा ट्रान्समीटर होता, म्हणून हे कळलं. वाटेत खायचं नाही, पाण्यावर बसायचं नाही. जे काही अंगात भरलंय तेवढ्यावरच. आपण फोटोसाठी दहा पावलं पुढे गेलो आणि थवा उठला, की त्या शिदोरीतलं थोडं जळतं. एकदा उठवलं तर भरून निघेल. दिवसात पाच गट येऊन गेले तर नाही.

अंतराचा एकच आकडा सगळीकडे लागू पडत नाही. खुणा ओळखा. खाणं थांबतं, माना ताठ होतात, सगळे एकाच दिशेने चालायला लागतात, एखादा इशाऱ्याची साद देतो. यातलं पहिलं दिसलं की तिथेच थांबा, दुसरं दिसलं की मागे या. थव्याकडे सरळ चालू नका, तिरके जा. पक्षी आणि पाणी यांच्या मधे कधी उभे राहू नका. गाडीतून दिसत असेल तर उतरूच नका, गाडी हे चांगलं लपण आहे. आवाज वाजवून पक्षी बोलावणं, फ्लॅश, ड्रोन, थवा उडताना हवा म्हणून मारलेली टाळी, हे सगळं सुरुवातीलाच बंद म्हणून सांगा. ससाणा आल्यामुळे थवा उठला तर गोष्ट वेगळी. दहा मिनिटं शांत बसा, बहुतेकदा परत उतरतो.

पक्ष्याच्या पायात कडी किंवा रंगीत पट्टी दिसली तर जवळ जाऊ नका, स्कोपमधून वाचा. कुठला पाय, सांध्याच्या वर की खाली, रंगांचा वरून खाली क्रम, अक्षरं किंवा आकडे, हे सगळं त्याच क्षणी लिहा. १८९९ मध्ये डेन्मार्कच्या व्हिबोर्गमध्ये हान्स मॉर्टेन्सन यांनी साळुंक्यांच्या जातीच्या स्टार्लिंगच्या पायात पत्ता कोरलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या कड्या घातल्या, तेव्हापासून ही पद्धत रुळली, आणि ती चालते कोणीतरी ती कडी वाचून कळवतो म्हणूनच. नुसतं "डाव्या पायात निळं काहीतरी" याचा उपयोग होत नाही.

मोजणी

थवा एकेक करून मोजता येत नाही. दहा पक्षी मोजा, ते आभाळात किती जागा घेतात ते बघा, आणि तेवढा तुकडा थव्यावर पुढे पुढे ठेवत जा. फार मोठा असेल तर शंभराचा तुकडा करा. मोठा थवा नवखा माणूस बहुधा कमीच मोजतो, कारण दाटीत मागचे झाकले जातात. शिकारी पक्षी थर्मलमध्ये गोल फिरत असताना मोजायला जाऊ नका, तोच पक्षी चार वेळा मोजाल. ते वर पोचून एकेक करत पुढे घसरायला लागतात, त्या वेळी रांग लागते, तेव्हा मोजा. क्षितिजावरच्या दोन खुणांमधे मनात रेघ ओढा आणि ती ओलांडणारेच धरा. एक बघणारा, एक लिहिणारा. नोंद तासातासाची ठेवा, प्रत्येक तासाला वाऱ्याची दिशा आणि ढग किती ते लिहा. काहीच न गेलेला तासही लिहा, "शून्य" म्हणून. वारा उलटला म्हणून वाट बंद झाली, हे त्या शून्यावरूनच पुढे कळतं.

नोंदी ईबर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, त्याच संध्याकाळी भरा. एका जागी बसून केलेली मोजणी आणि चालत केलेली फेरी यांच्या वेगळ्या चेकलिस्ट करा. ओळखता आलेले सगळे पक्षी दिलेत का, या प्रश्नाला "हो" म्हणता येईल अशीच यादी करा. फक्त दुर्मीळ तेवढे निवडून भरले तर साध्या पक्ष्यांची घट कोणाच्या लक्षातच येत नाही. रातथाऱ्याची आणि दाटीच्या विसाव्याची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका.

जमलं तर रात्र

पौर्णिमेच्या आगेमागे दोन दिवस सहल असेल तर झोपायच्या आधी तासभर काढा. सूर्यास्तानंतर दोन-अडीच तासांनी स्कोप २० ते ३० पटीवर चंद्रावर लावा. रात्री जाणारे पक्षी चंद्राच्या थाळीवरून काळ्या आकृती होऊन सरकतात, कधी पापणी लवायच्या आत, कधी दोन-तीन सेकंद. १९४० च्या दशकात अमेरिकेत जॉर्ज लोअरी यांनी याच पद्धतीने रात्रीचं स्थलांतर मोजलं होतं. धूसर, डळमळत जाणारं काही दिसलं तर तो बहुधा जवळचा किडा. कडा रेखीव आणि वाट सरळ असेल तर पक्षी. चंद्र सरकत राहतो, म्हणून दर दोन-तीन मिनिटांनी त्याला पुन्हा मधे घ्यावं लागतं, नाहीतर बघणाऱ्याला वाटतं पक्षी येणंच थांबलं. प्रत्येकाला पाच मिनिटं बसवा. तो आकृती कुठून शिरली आणि कुठे बाहेर पडली ते घड्याळाच्या काट्यात सांगेल, "दहावरून पाचवर", आणि शेजारचा लिहील. चंद्राच्या उजेडाने डोळ्याला इजा होत नाही, पण तो दिपतो. पाणी यायला लागलं की उठा आणि पुढच्याला बसवा.